तोंडभर हं

१

रश्मीच्या जिन्यात ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी होती आणि लोक नेमके त्या पाटीवरच थुंकत. खाली खर्ऱ्याचं दुकान, मधल्या मजल्यावर तिची दहावीच्या विज्ञानाची शिकवणी, आणि वरती ती आणि तिची आई इंदूबाई यांचं दोन खोल्यांचं घर. राजापेठेतल्या त्या इमारतीत राहायचं तर दिवसातून कितीदा तरी तो लालभडक कोपरा ओलांडायचा आणि ओलांडताना श्वास रोखायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. किळस मात्र अंगवळणी पडली नव्हती. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून खसाखसा घोटायचं, गालात कोंबायचं आणि मग जगाशी बोलणंच सोडून द्यायचं, अशी ही आमच्या भागातली तपश्चर्या. तोंड उघडलं तर सांडेल, म्हणून तो तपस्वी हनुवटी वर उचलतो आणि नाकातून, लाळेतून एकच उत्तर देतो. “हं.” पत्ता विचारा, भाव विचारा, घरी कोण वारलं ते विचारा. “हं.” त्या एका अक्षराची रश्मीला शिसारी होती.

आणि गंमत अशी, की त्याच अक्षरावर तिचा जीवही होता. लहानपणी गावाकडं, भातकुलीला, उन्हाळ्याच्या दुपारी आई दारं-खिडक्या लावून दोन्ही पोरांना सक्तीनं झोपवायची. धाकटा स्वप्निल काही झोपायचा नाही. तो अंधारात पडल्या पडल्या गोष्ट रचायचा आणि शेजारी पडलेल्या रश्मीनं हुंकार द्यायचा. राजा निघाला. हं. रस्त्यात विहीर लागली. हं. दोघांचा एक नियम होता. हुंकार थांबला म्हणजे ऐकणारं माणूस झोपलं, आणि ऐकणारं झोपलं की गोष्ट तिथंच संपली. मग राजा विहिरीत का लटकलेला असेना, ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. खरं तर गोष्टीत सांगणाऱ्यापेक्षा हुंकार देणाऱ्याच्याच हातात जास्त असतं, पण पोरांना एवढं कुठलं कळायला.

आता स्वप्निल अकोल्याला सरकारी कचेरीत लिपिक होता. जठारपेठेत एका खोलीत भाड्यानं राहायचा आणि कचेरीतून आला की लॅपटॉपवर संगीत बनवायचा. त्यात शब्द नसत, तबला-पेटी नसे. नुसते आवाज, एकावर एक चढवलेले, सावकाश रंग बदलणारे. नात्यागोत्यात त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. रश्मीनं कधी केली नाही. काही नवं झालं की तो पहिल्यांदा तिला पाठवायचा आणि ताईनं ‘हं’ म्हटल्याशिवाय ते जगात जायचं नाही. मे महिन्यात त्यानं पहिला अख्खा अल्बम पाठवला. नाव ‘दुपार’.

“दोन वर्षं याच्यातच मरून राहिलो होतो, ताई,” तो फोनवर म्हणाला. “रविवारी नेटवर टाकतो. पन पयले तू आइक.”

२

जेवणं उरकली, आई आत लवंडली. रश्मीनं खिडक्या लावल्या, कूलर सुरू केला, फरशीवर चटई टाकली आणि मोठे हेडफोन कानांवर चढवले. कूलरच्या घरघरीत संगीत कसलं ऐकता, असं एखादा पुण्याकडचा विचारेल. त्याला काय सांगायचं? वऱ्हाडात मे महिन्यात कूलर ऐकूच येत नाही. तो बंद पडला की ऐकू येतो.

स्वप्निलनं नेमकं त्याचंच संगीत केलं होतं. पहिल्या तुकड्याचं नाव ‘ताटी’. कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी झिरपतं तो आवाज, पण इतका ताणलेला आणि मऊ केलेला की थंडावा ऐकू यावा. त्याच्याखाली एकच जाड सूर, न थकता चाललेला. दुसरा ‘डांबर’. त्यातला सूर जागचा हलत नव्हता, पण ऐकणारा पुढं सरकला की तळव्याला चिकटून थोडा सोबत यायचा. तिसरा ‘पत्रा’. उन्हानं तापलेलं छप्पर टिक्, टण् करतं, तसे बारीक आवाज लांब लांब पेरलेले, आणि दोन आवाजांच्या मधे एवढी मोकळी जागा ठेवलेली की त्यात माणसानं पाय पसरून झोपावं. चारचौघांत ज्याची दातखीळ बसते त्या आपल्या भावानं अख्ख्या मुलुखाची दुपार उचलून तिच्या कानात आणून ठेवली होती. रश्मीचे डोळे भरून आले. तोंडालाही पाणी सुटलं होतं. चिंच बघून सुटतं तसं संगीत ऐकूनही सुटतं की काय, असं मनाशी म्हणत तिनं ते गिळून टाकलं.

‘पत्रा’च्या शेवटी सगळे सूर एकदम थांबले. गोष्ट सांगणारा श्वास घ्यायला थांबतो, तेवढेच. आणि त्या थांबण्यात कोणीतरी म्हणालं, “हं.”

ओलं, भरल्या तोंडाचं आणि अगदी कानाजवळचं. त्यापाठोपाठ जिभेनं काहीतरी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवल्याचा पचपच आवाज.

रश्मी ताडकन उठून बसली. हेडफोन काढले. जिन्याचं दार बंद होतं, आई आत घोरत होती. तिनं तो भाग मागं घेऊन पुन्हा ऐकला. हं. पचपच. एवढ्या स्वच्छ कामात हा कोण घाणेरडा येऊन बसला, म्हणून तिला किळसेपेक्षा संतापच जास्त आला.

३

स्वप्निलनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“आइकलं?”

“आइकलं. काय केलं रे तू हे! ‘डांबर’ ऐकताना मले वाटलं, माही चप्पल रस्त्यातच राहते.” तो लहान पोरासारखा हसला. त्याचं हसून होऊ दिलं आणि मग ती म्हणाली, “पन ‘पत्रा’च्या शेवटी तो खर्रेवाला काहून ठेवला? सगळी घाण करून टाकली त्यानं.”

“कोन खर्रेवाला?”

“तो हं म्हनते तो. रेकॉर्डिंग करताना कोनी बाजूले उभा असन तुह्या.”

तो हळू आवाजात म्हणाला, “ताई, ‘पत्रा’त मी माइक वापरलाच नाई. तो सगळा लॅपटॉपवरच बनवला. त्याच्यात माणूस येईन कुठून?”

“मी बहिरी नाई, स्वप्निल.”

“मंग तुलेबी आइकू येते,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि भीतीही. “मले वाटे, मलेच. मी तेवढी जागा कापून टाकली होती, ताई. दोनदा कापली. आता तू पुन्हा नको आइकू.” आणि त्यानं फोन ठेवला.

पुन्हा ऐकू नको म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? दुसऱ्या दुपारी तिनं मुद्दाम ऐकलं. ‘पत्रा’त तो होताच, पण आता ‘डांबर’च्या शेवटीही होता. ‘ताटी’तही मधेच एकदा, सूर किंचित मागं सरला तिथं. जिथं जिथं कोणी हुंकार द्यावा, नेमका तिथं तो हजर. रश्मी विज्ञान शिकवते. एकसारख्या घरघरीत कान आपल्याच मनचे आवाज शोधतो, हे ती पोरांना दर वर्षी सांगते. तिनं ते स्वतःलाही सांगितलं, खणखणीत आवाजात, शिकवणीत सांगते तसं. एकदा पाठवलेली फाइल आपली आपण बदलत नाही, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तोंड मात्र लाळेनं एवढं भरून आलं होतं, की दुसरं वाक्य बोलण्याआधी तिला मोरीत जाऊन थुंकावं लागलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोरीत, त्या जिन्यातल्या लोकांसारखं. तिनं बादलीभर पाणी ओतलं तरी तिचं समाधान झालं नाही.

४

आपले कान खोटे आहेत की नाहीत हे पाहायचं, तर तिसरे कान हवेत. तिनं आईला धरलं.

इंदूबाईंनी दुपारच्या झोपेसाठी कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली होती. बोळक्या तोंडानं त्या म्हणाल्या, “आण बाप्पा, आइकतो तुह्या भावाचं.” हेडफोन घालून आडव्या झाल्या, थोडा वेळ ऐकलं. “कूलरवानी वाजून राहिलं हे. चांगलं आहे. झोप येते.”

“मधात कोनी हं म्हनते का पाय.”

“कोनीच नाई म्हनत.” आणि त्यांचे डोळे मिटले.

रश्मी शेजारी बसून मोबाइलवर तुकडा कुठवर आला ते पाहत होती. ‘पत्रा’ संपत आला. सूर थांबले.

“हं,” इंदूबाई म्हणाल्या.

झोपेत, मिटल्या डोळ्यांनी, हनुवटी किंचित वर उचलून. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार उशीवर उतरली. रश्मीनं झटकन त्यांच्या डोक्यावरचे हेडफोन काढले. आता खोलीत फक्त कूलर होता. तरीही इंदूबाईंनी थोडं थांबून, कोणाचं तरी वाक्य पुरं होऊ द्यावं तेवढं थांबून, पुन्हा म्हटलं, “हं.” दात नसलेल्या हिरड्या एकमेकींवर घासल्या आणि काहीतरी चघळल्यासारखा आवाज आला. चघळायला त्या तोंडात काही नव्हतं. ज्या आईच्या ताटातलं उष्टं रश्मी आजवर बिनदिक्कत खात आली, तिच्या तोंडाकडं बघून तिला त्या क्षणी ओकारी आली, आणि ओकारी आली म्हणून रडूही आलं.

मग इंदूबाईंना गाढ झोप लागली. हुंकार थांबला. चहाच्या वेळी त्या उठल्या त्या ठणठणीत, कवळी बसवून, साखर कमी पडली म्हणून कुरकुरत.

“मी कवा हं म्हटलं? काही बोलते.”

आई झोपली आणि सुटली, एवढं रश्मीनं मनात धरून ठेवलं. त्याचा अर्थ काय, हे विचारायचं मात्र तिनं टाळलं.

५

तिनं स्वप्निलला फोन लावला. अल्बम टाकू नको, दोन-चार दिवस रजा घे, घरी ये, हे सगळं ती एका दमात बोलली.

“हं,” तो म्हणाला.

“आई आठवण काढून राहिली तुही.”

“हं.”

“तोंडात काय आहे तुह्या?”

नुसता घोट गिळल्याचा आवाज. स्वप्निलनं आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं नव्हतं. कचेरीतले लोक त्याला त्यावरूनही चिडवत.

“स्वप्निल, तू खर्रा खाऊन राहिला का?”

“हं.”

ते ‘हो’ नव्हतं आणि ‘नाही’ही नव्हतं. ते फक्त ‘पुढं बोल’ होतं. रश्मीच्या लक्षात आलं, की ती बोलते आहे आणि पलीकडून कोणीतरी मोठ्या आवडीनं, मिटक्या मारत ऐकतं आहे. तिनं बोलणं थांबवलं. पलीकडचा वाट पाहत राहिला. त्याचा श्वास ओला होता आणि तो स्वप्निलच्या श्वासापेक्षा फार सावकाश होता. आपल्या भावाचा श्वास तिनं भातकुलीच्या अंधारात वर्षानुवर्षं ऐकला होता. हा तो नव्हता. तिनं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिकवणी आटपून, आईला शेजारच्या पंचफुलाबाईंच्या हवाली करून, तिनं बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. रविवार उजाडायच्या आत भाऊ घरी आणायचा, बाकी त्या अल्बमचं काय व्हायचं ते होवो.

६

अकोल्याला उतरली तेव्हा ऊन असं होतं की रिक्षावालेसुद्धा सावली सोडायला राजी नव्हते. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून ती जठारपेठेत पोचली. स्वप्निलची घरमालकीण सुंदराबाई खालच्या ओट्यावर ओलं पोतं टाकून बसली होती.

“बहीण का तू? बरं झालं आली, पोरी. चांगला पोरगा आहे तुहा भाऊ, पन आता ती सवय लागली त्याले. तोंडात धरून असते दिवसभर. काही इचारलं का हं, हं करते. अन् कूलर एवढ्या जोरात लावते, मले खाली झोप नाई.”

रश्मी जिना चढली. घरघर तिलाही ऐकू येत होती, दाट, न थकणारी. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, आणि सादळलेल्या कपड्यांचा, शिळ्या तोंडाचा वास. खिडकीतल्या कूलरचं बटण बंद होतं. तारसुद्धा भिंतीतून काढून ठेवलेली. ताट्या वाळून कडक झाल्या होत्या. घरघर टेबलावरच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत होती, ‘ताटी’ चालू होता.

स्वप्निल पलंगाच्या कडेला बसला होता. गाल आत गेलेले आणि तरी तोंड भरलेलं, ओठ घट्ट मिटलेले. दोन्ही पायांच्या मधे प्लास्टिकची बादली. ती अर्ध्याहून जास्त भरली होती. लाल नव्हती. स्वच्छ, फेसाळ, तारा सुटणारी लाळ, एका माणसाच्या तोंडात मावणार नाही इतकी. रश्मीनं दुपट्ट्यावरून नाक दाबलं. भावाला मिठी मारायला आलेली बाई दारातच उभी राहिली.

त्यानं तिला पाहिलं. वाकून बादलीत थुंकला आणि घाईघाईनं, तोंड पुन्हा भरायच्या आत, बोलू लागला.

“ताई, मी रात्रंदिवस एकटाच बनवून राहिलो होतो ना, मंग मीच मले हं द्यायचो. सवय आपली. एक दिवस मी नाई दिला तरी आला.” तो थुंकला. “मले बरं वाटलं. कोनी तरी आइकते. त्यानं हं दिला का मी पुढचं बनवायचो.” पुन्हा थुंकला. “आता मी बनवत नाई. आता तो सांगून राहिला अन् मी हं देऊन राहिलो.”

“कोन तो? काय सांगते?”

स्वप्निलच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सांगायला त्याच्याकडं शब्द नव्हते. संगीतालाही शब्द नव्हतेच.

“तो झोपतच नाई, ताई,” तो एवढंच म्हणाला.

“आ कर. मले पाहू दे.”

तिनं मोबाइलचा उजेड धरला. लहानपणी त्याचे पडायला आलेले दात तिनंच पाहिले होते, तसं तिनं त्याच्या हनुवटीला धरलं आणि वाकून पाहिलं. तोंड साफ होतं. दात, हिरड्या, लाळेत बुडालेली जीभ. जीभ निश्चल होती, ओठ फाकलेले होते. टेबलावर सूर किंचित मागं सरला. आणि न हलणाऱ्या त्या जिभेच्या पलीकडून, घशातल्या काळोखातून आलं, “हं.” त्याबरोबर तिथं आत काहीतरी वर उचललं गेलं. सांडू नये म्हणून माणूस हनुवटी उचलतो, अगदी तसं.

रश्मीच्या हातून मोबाइल खाली पडला.

७

ती ओकली. कोपऱ्यातल्या मोरीत, बराच वेळ. मग तोंड धुतलं आणि भिंतीला टेकून विचार केला. पळून जायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण तो स्वप्निल होता, आणि त्याचे डोळे पाच वर्षांच्या पोरासारखे तिच्यावर लागले होते.

आई झोपली आणि सुटली. हुंकार थांबला की गोष्ट संपते आणि संपलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही. हा नियम त्या दोघांचा होता. ते जे कोणी होतं, ते त्यांच्याच खेळात शिरलं होतं, तर त्यालाही तो लागू पडायला हवा होता. विज्ञानाच्या बाईला यापेक्षा बरं काही सुचलं नाही, आणि याची तिला लाज वाटायलाही वेळ नव्हता.

“शेवटपर्यंत ऐकायचं,” ती म्हणाली. “पन हं द्यायचा नाई. तूबी नाई, मीबी नाई. कितीबी थांबला तरी नाई.”

तिनं डोक्याचा दुपट्टा सोडला. स्वप्निलची हनुवटी वर ढकलून त्याचा जबडा डोक्यावरून घट्ट बांधला, दातदुखीच्या माणसाचा बांधतात तसा. दुसऱ्या टोकाचा बोळा करून आपल्या दातांत धरला. अल्बम पहिल्यापासून लावला आणि त्याच्या शेजारी, त्या बादलीच्या शेजारी, बसली.

‘ताटी’ सुंदर होता. हेच सगळ्यात वाईट. एवढ्या घाणीतही तो सुंदरच होता, आणि रश्मीचं मन त्याच्यामागं जातच होतं. पहिली जागा आली. स्वप्निलच्या गळ्यात काहीतरी हललं, दुपट्टा ताणला गेला, पण आवाज फुटला नाही. ‘डांबर’ची जागा आली आणि गेली. तिच्या दातांतला बोळा भिजून जड झाला, लाळ हनुवटीवरून गळ्याला लागली, तिथून कुडत्यात उतरली. कोमट होती. तिनं ती पुसली नाही. ‘पत्रा’च्या शेवटी सूर थांबले आणि थांबूनच राहिले. अल्बममध्ये ती जागा एका श्वासाची होती. आता ती संपेना. खोलीत तिघं वाट पाहत होते. हं म्हण, एवढंच, मग पुढं जाऊ, असं तिच्या घशाला कोणी आतून गुदगुल्या करत होतं. रश्मीनं स्वप्निलचा हात एवढा दाबला की नखं रुतली.

मग पुढचा तुकडा लागला. त्याच्या पुढचा. शेवटचा. उतरत्या दुपारी कुठूनतरी वाऱ्याची पहिली झुळूक येते, तसा एक लहानसा सूर उठला आणि विरून गेला. नंतर काही नाही. खरोखरची शांतता, जिच्यात खालून सुंदराबाईंच्या घोरण्याचा आवाज आला, रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. घरघर नव्हती. म्हातारीला एकदाची झोप लागली होती.

रश्मीनं लॅपटॉप मिटला. दुपट्टा सोडला. स्वप्निलनं तोंड उघडलं, मिटलं, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“पाणी दे ना, ताई,” तो म्हणाला. साधा, मोकळा, त्याचाच आवाज. माठातलं पाणी तो घटाघटा प्यायला आणि पिऊन झाल्यावर हसला. ती हसता हसता रडली. मग तिनं बादली मोरीत रिकामी केली, नाक न धरता, आणि तो बॅगेत कपडे कोंबू लागला.

“तो अल्बम?”

“जाऊ दे तो. पुसून टाकतो घरी गेल्यावर.” तो शर्टाची घडी घालत होता, बोलायला मिळतं आहे म्हणून बोलत होता. “तुले मालूम आहे का, ताई, हे सुरू झालं त्या दिवशी काय झालं? मी कचेरीतून येऊन राहिलो होतो. भर दुपार. अन् रस्त्यात...”

माणूस सांगता सांगता थांबतो तसा तो थांबला. शर्टाचं एक बटण तुटलं होतं, ते पाहायला. रश्मी खाली वाकून ओला दुपट्टा पिळत होती. अशा वेळी आपल्याकडं कोणीही जे म्हणतं, तेच ती म्हणाली. विचार करून म्हणायची ती गोष्टच नव्हे.

“हं.”

ते नाकातून आलं. तोंड भरलेलं होतं.

स्वप्निलच्या हातातला शर्ट खाली पडला. “ताई,” तो म्हणाला, “नको. मी पुढं सांगतच नाई. हे पाय, मी काहीच सांगत नाई.” आणि त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. त्याच्या बोटांच्या वरून दोन डोळे तिच्याकडं बघत होते.

खोलीत कोणीच बोलत नव्हतं. लॅपटॉप मिटलेला होता. तरी रश्मीला गोष्ट पुढं ऐकू येऊ लागली होती, अगदी आतून, आणि ती सुंदर होती. भावाला सांगावं म्हणून तिनं ओठ उघडायला घेतले.

मग सांडू नये म्हणून तिनं हनुवटी वर केली.